भूत मागे उभं आहे आणि कॅमेरामनला पत्ताच नाही

आधीच सांगून टाकतो, मला रक्ताचे पिक्चर बघून भीती वाटत नाही, किळस येते, आणि किळस वेगळी न भीती वेगळी हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं ते जपानी पिक्चरांमुळे. तेही रिंगू (1998 चा तो शापित टेपवाला गाजलेला पिक्चर) वगैरे बघून नाही हं, त्याच्याही आधीच्या, थिएटरचं तोंड न बघितलेल्या, थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेल्या खटारा टेपा आहेत ना, त्यांच्यामुळे. आठवडाभर रात्री जागून एकेक बघितली, काही दुसऱ्यांदा बघितली, एक अर्ध्यात बंद केली. जपानच्या या अर्ली, म्हणजे सुरुवातीच्या, फाउंड फुटेज पिक्चरांचा हा रिव्ह्यू.

फाउंड फुटेज, म्हणजे कोणाची तरी खरी टेपच दाखवतोय असं भासवणारे पिक्चर, म्हटलं की सगळे 1999 चा अमेरिकन ब्लेअर विच काढतात, थोडं जास्त वाचलेले 1980 च्या कॅनिबल होलोकॉस्टपर्यंत मागे जातात. जपानचं नाव निघालंच तर थेट 2005 च्या नोरोईचं. पण जपानी लोक हे प्रकार 1985 पासून करत होते आणि त्यांची पद्धतच वेगळी होती. इतरांच्या पिक्चरमध्ये काय असतं, पोरं जंगलात जातात, मरतात, मग टेप सापडते. जपानमध्ये टेप हरवलेली नसतेच, ती समोरच पडलेली असते, तुम्ही ती एकदा बघितलेली पण असते. टेप सापडत नाही, टेपमध्ये काहीतरी सापडतं. मला वाटतं सगळा फरक इथेच आहे.

हे कुठून आलं हे कळायला त्यांच्या शिनरेई शाशिनबद्दल थोडं माहीत पाहिजे. शिनरेई शाशिन म्हणजे भुताचे फोटो. सत्तरच्या दशकात जपानमध्ये याचं वेड होतं, लोक शाळेच्या सहलीचा ग्रुप फोटो घेऊन बसायचे आणि खांद्यावर जास्तीचा हात आहे का, मागच्या झाडीत चेहरा आहे का हे शोधायचे. पुस्तकं निघायची, टीव्हीवर प्रोग्राम व्हायचे, आणि उन्हाळा हा तर तिकडे भुतांचाच सीझन, ओबोन म्हणजे पितरांचा सण उन्हाळ्यातच येतो, त्यामुळे टीव्हीवाले उन्हाळ्यात हमखास भुताटकी दाखवणार. म्हणजे "या चित्रात काहीतरी आहे, नीट बघ" ही सवय प्रेक्षकांना आधीच लागलेली. पिक्चरवाल्यांनी फक्त फोटोच्या जागी व्हिडिओ ठेवला.

सुरुवात मी गिनी पिग नावाच्या व्हिडिओ सिरीजपासून केली कारण वर्षाप्रमाणे जायचं ठरवलं होतं, आणि पश्चात्ताप झाला. पहिला भाग 1985 चा, दिग्दर्शक सातोरू ओगुरा. जेमतेम पाऊण तास. सुरुवातीला पाटी येते की ही कोणाची तरी खाजगी टेप हाती लागली आहे, माणूस किती वेदना सहन करू शकतो याचा हा प्रयोग आहे, आणि मग तीन माणसं एका बाईचा छळ करतात, बस, एवढंच. गोष्ट नाही, नावं नाहीत, काही नाही. अर्ध्यात बंद केली ती हीच. दुसरा भाग त्याच वर्षीचा, हिदेशी हिनो नावाच्या मांगा काढणाऱ्या माणसाचा, तो स्वतः हॉरर कॉमिक्सवाला असल्यामुळे त्याची पाटी जास्त इंटरेस्टिंग आहे, ती म्हणते की एका माथेफिरू फॅनने आपल्याला एक फिल्म पाठवली आणि त्यावरून आपण हे परत शूट करून दाखवतोय. म्हणजे सापडलेली टेप पण नाही, सापडलेल्या टेपची नक्कल! कल्पना एक नंबर. पुढचं सगळं मात्र खाटिकखाना. सामुराईच्या वेशातला माणूस एका बाईचे तुकडे करतो आणि मेकअपवाल्याने इतकं बेमालूम काम केलंय की 1991 मध्ये अमेरिकेत चार्ली शीनने ही टेप बघितली आणि खरा खून समजून थेट एफबीआयपर्यंत विषय नेला. हे सगळं कसं केलं ते दाखवणारी मेकिंगची टेप 1986 मध्येच आलेली होती, ती बघाल तर हसू येईल, रबरी हात घेऊन माणसं गंभीर चेहऱ्याने चर्चा करतायत.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. 1989 मध्ये तिकडे लहान मुलींच्या खुनांसाठी एक माणूस पकडला गेला, त्याच्या घरात पाच हजारांवर व्हिडिओ कॅसेट सापडल्या, आणि मीडियाने लगेच गिनी पिगचं नाव त्याच्याशी जोडलं. त्यानंतर रक्तपात दाखवणाऱ्या व्हिडिओंवर सगळेच तुटून पडले. मला स्वतःला वाटतं की पुढची जपानी भुतं रक्त न सांडता घाबरवायला शिकली त्यात या वातावरणाचा पण वाटा असणार, दुकानात रक्त ठेवायची चोरी झाली मग काय करणार.

असो. गिनी पिग नाही बघितला तरी चालेल. खरं म्हणजे नाहीच बघा.

आता येतो मुद्द्यावर. जागानरेई. 1988. दिग्दर्शक तेरुयोशी इशिई, लेखक चिआकी कोनाका. हाच कोनाका पुढे दहा वर्षांनी सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन ही अ‍ॅनिमे सिरीज लिहितो, अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना नाव माहीत असेल. लांबी फक्त पन्नास मिनिटांच्या आसपास, आणि हे ब्लेअर विचच्या अकरा वर्षं आधीचं आहे, बीबीसीच्या घोस्टवॉच या खोट्या लाइव्ह भुताच्या प्रोग्रामच्या चार वर्षं आधीचं आहे, हे डोक्यात ठेवून बघा.

गोष्ट काय, तर एका नवीन आयडॉल गायिकेचं (आयडॉल म्हणजे कंपनीने घडवून बाजारात आणलेली तरुण पॉप स्टार) गाणं लाँच होणार आहे आणि टीव्हीची टीम त्यावर डॉक्युमेंटरी करतेय. बस. ऐंशीच्या दशकात जपानमध्ये आयडॉलचं पीक आलेलं, दर आठवड्याला नवीन मुलगी, नवीन फ्रॉक, नवीन गाणं, त्यामुळे असले पडद्यामागचे प्रोग्राम लोकांच्या रोजच्या बघण्यातले. आणि पिक्चर पहिली पंधरा वीस मिनिटं अगदी तस्साच चालतो. मीटिंग. रेकॉर्डिंग. कंपनीतले सूटवाले लोक मार्केटिंगबद्दल बोलतायत. मुलगी लाजत लाजत उत्तरं देतेय. कंटाळा येतो, खरंच येतो, मी पहिल्यांदा बघताना मधे मोबाइल हातात घेतला होता आणि तिथेच फसलो. कारण रिपोर्टर जेव्हा विचारते की हे गाणं कंपोज कोणी केलंय, तेव्हा लोक विषय बदलतात. एकजण बदलतो, दुसरा बदलतो. गाण्याचं नाव "लव्ह क्राफ्ट" आहे, कोनाका लव्हक्राफ्ट या अमेरिकन हॉरर लेखकाचा कट्टर भक्त, त्यामुळे हा फालतू जोक त्याने केलाच पाहिजे होता.

आणि मग मागे एक बाई दिसते.

दिसते म्हणजे काय, कॅमेरा तिच्याकडे जात नाही, म्युझिक वाजत नाही, कोणी किंचाळत नाही. समोर काहीतरी बोलणं चालू आहे, कामाची माणसं ये-जा करतायत, आणि मागे कोणीतरी उभं आहे जे तिथे असायला नको. फ्रेममधल्या कोणालाही माहीत नाही. कॅमेरामनला माहीत नाही. फक्त तुम्हाला दिसलं, आणि तेही दिसलं की नाही याची खात्री नाही म्हणून तुम्ही मागे घेता, आणि मागे घेतल्यावर ती असते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला तो इथे. जंप स्केअरला माणूस दचकतो आणि दोन सेकंदांनी हसतो, इथे दचकणं नाहीच, इथे हळूहळू पोटात खड्डा पडतो, कारण मग डोक्यात येतं की याआधीच्या वीस मिनिटांत पण ती असेल, आणि आपण मोबाइल बघत होतो.

कोनाकाने पुढे भूत कसं दाखवायचं याचे काही नियम मांडले, तिकडचे पिक्चरवाले त्याला कोनाका थिअरीच म्हणतात. त्यातले दोन मला फार आवडतात. एक, भुताच्या खांद्यावरून शॉट घ्यायचा नाही, म्हणजे भूत पुढे पाठमोरं आणि पलीकडे घाबरलेला माणूस असली फ्रेम नकोच, कारण तसं केलं की कॅमेरा भुताच्या पार्टीत गेला, आणि भुताच्या बाजूने जग दिसायला लागलं की त्याची भीती गेलीच. दुसरा, पूर्वजन्मीचं वैर, सूड, अमकीने विहिरीत जीव दिला म्हणून ती येते, असल्या कारणांच्या गोष्टी अजिबात भीतीदायक नसतात. हे वाचल्यावर मला एकदम उजेड पडला. आपण भुताच्या गोष्टी ऐकतो तेव्हा शेवटी "ती का यायची" हे कळलं की हायसं वाटतं की नाही? कारण कळलं म्हणजे हिशोब लागला. हिशोबच लागू द्यायचा नाही. आणि फाउंड फुटेजमध्ये पहिला नियम तर आपोआपच पाळला जातो, कॅमेरा हातात धरलेल्या माणसाचा आहे, भुताकडे कुठून येणार.

आता जागानरेईची तक्रार. शेवट. एवढं सगळं संयमाने उभं केल्यावर शेवटच्या भागात स्टुडिओत जो धिंगाणा घातलाय तो बघून मला वाटलं प्रोड्युसर मागे छडी घेऊन उभा असणार की बाबा रे काहीतरी दाखव आता, लोकांनी भाडं भरलंय. सामान उडतंय, माणसं पडतायत, भूत समोर येऊन उभं. मागे उभी होती तोपर्यंत माझी टरकली होती, पुढे आली आणि मेकअप दिसला. शिवाय स्वतःचाच दुसरा नियम इथे मोडलाय, ती कोण याचं थोडंफार उत्तर मिळतंच. तरी पन्नासातली चाळीस मिनिटं सोन्यासारखी आहेत. आणि प्रिंट अगदी भंगार मिळते, व्हीएचएसवरून उतरवलेली, रंग उडालेले, पण इथे तेच बरं आहे हो, स्वच्छ प्रिंट असती तर मागची बाई एका नजरेत दिसली असती.

यानंतर 1991-92 मध्ये नोरिओ त्सुरुताने होन्तो नी आत्ता कोवाई हानाशी काढली, लेखक परत कोनाका. हे फाउंड फुटेज नाही, साध्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत, म्हणून जास्त बोलत नाही, पण मागे उभं राहणारं भूत त्यात पक्कं झालं, आणि पुढे रिंगू लिहिणारा हिरोशी ताकाहाशी आणि दिग्दर्शक कियोशी कुरोसावा हे लोक ती बघून हलले होते. म्हणजे 1998 मध्ये जगाला जे जपानी हॉरर म्हणून अचानक दिसलं त्याची रंगीत तालीम भाड्याच्या कॅसेटवर आधीच होऊन गेली होती.

आता माझा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला प्रकार, होन्तो नी आत्ता! नोरोई नो व्हिडिओ. नाव जवळजवळ वरच्यासारखंच, गोंधळू नका. "खरेखुरे शापित व्हिडिओ" असा काहीतरी अर्थ. 1999 मध्ये सुरू झाली, आजवर शंभरावर भाग आलेत, शंभरावर! सुरुवातीचे भाग योशिहिरो नाकामुराने केले आणि निवेदकाचा आवाजही त्याचाच, हाच पुढे मोठा दिग्दर्शक झाला, फिश स्टोरी वगैरे पिक्चर त्याचेच. फॉर्म्युला असा की लोकांनी पाठवलेले घरगुती व्हिडिओ दाखवायचे, बारसं, लग्न, ट्रिप, मित्रांचा टाइमपास, आणि त्यात कुठेतरी काहीतरी आलेलं असतं. व्हिडिओ एकदा सरळ चालतो. तुम्हाला काही दिसत नाही. मग निवेदक अगदी शांत, बातम्या वाचल्यासारख्या आवाजात विचारतो, "ओवाकारी इतादाकेता दारोका", म्हणजे "आपल्या लक्षात आलं का?" आणि मग तोच तुकडा परत, स्लो, झूम करून.

हे एक वाक्य जपानमध्ये इतकं फेमस आहे की लोक चेष्टेत पण वापरतात. आणि मला विचाराल तर अख्ख्या फाउंड फुटेज प्रकारातली सगळ्यात हुशार ट्रिक हीच आहे. कारण पहिल्या वेळी तुम्हाला काही दिसलं नाही हा तुमचा गुन्हा ठरतो. तो आवाज ओरडत नाही, सौजन्याने विचारतो, एखाद्या शिस्तीच्या मास्तरांनी "गृहपाठ केला का" विचारावं तसा, आणि आपण मान खाली घालून परत बघायला लागतो. तिसऱ्या चौथ्या क्लिपपासून मी भूत शोधायला लागलो आणि मग साध्या पडद्याच्या चुण्या बघून पण धस्स व्हायला लागलं. एका क्लिपमध्ये मी खिडकीकडे डोळे लावून बसलो, भूत टेबलाखाली निघालं. अशी मजा.

पण सलग बघू नका. दोन भागांनंतर पॅटर्न कळतो, आणि मधे मधे त्यांची टीम जे शोधकार्य करते, व्हिडिओ पाठवणाऱ्याची मुलाखत, त्या जागेवर जाणं, शेजाऱ्यांना विचारणं, ते फारच लांबतं, काही ठिकाणी तर नुसती माणसं गाडीत बसून चाललीत. शंभर भागांत सगळेच काही भारी नसणार. काही भुतं सरळ सरळ चिकटवलेली दिसतात, कडा दिसतात हो. सुरुवातीच्या काळातले भाग बघा, तेव्हाच्या घरगुती कॅमेऱ्याची क्वालिटीच अशी होती की खोटं लपायचं.

या सिरीजवर काम केलेल्यांत एक होता कोजी शिराइशी, आणि त्याने 2005 मध्ये केला नोरोई. हा मात्र थिएटरला लागला, 20 ऑगस्टला, म्हणजे बरोबर भुतांच्या सीझनमध्ये. प्रोड्युसर ताकाशिगे इचिसे, रिंगू आणि जुऑन हे भुताचे पिक्चर काढणारा. लांबी 115 मिनिटं. "अर्ली" म्हणायला हा उशिराचा आहे, मान्य, पण आधीच्या वीस वर्षांत जे जे तुकड्या तुकड्यांत झालं ते सगळं याने एका पोत्यात भरलंय म्हणून याच्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही.

कोबायाशी नावाचा भुताखेतांवर व्हिडिओ काढणारा रिसर्चर आहे, त्याने शेवटची डॉक्युमेंटरी पूर्ण केली आणि मग त्याचं घर जळलं, बायको मेली, तो गायब. हे सुरुवातीलाच सांगतात, सस्पेन्स फोडत नाहीये मी. मग आपण ती डॉक्युमेंटरी बघतो. शेजारच्या घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज येतो अशी एका बाईची तक्रार. एक टीव्ही शो ज्यात मुलांची अतींद्रिय शक्तीची परीक्षा घेतायत. एक हसवाहसवीचा प्रोग्राम ज्यात मारिका मात्सुमोतो ही नटी स्वतः म्हणूनच आहे आणि अनगर्ल्स ही कॉमेडियन जोडी पण स्वतः म्हणूनच. अंगाला डोक्याला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळलेला होरी नावाचा माणूस, जो अदृश्य किड्यांबद्दल ओरडत असतो. मेलेली कबुतरं. धाग्याच्या गाठी. धरणाखाली बुडालेलं एक गाव. आणि कागुताबा हे नाव. यातलं काहीच एकमेकांशी संबंधित वाटत नाही, आणि एक तासाने वाटायला लागतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मला काय आवडलं, तर शिराइशीने प्रत्येक तुकडा वेगळ्या पोताचा केलाय. टीव्ही शो टीव्ही शोसारखा झगझगीत, त्यात रंगीत अक्षरं आणि स्टुडिओतल्या पाहुण्यांचं "एऽऽ"; गावातल्या विधीची 1978 ची फिल्म जुन्या फिल्मसारखी; कोबायाशीचा कॅमेरा डुगडुगता. खोटं वाटायला जागाच ठेवली नाही. त्यात मुलांच्या परीक्षेचा जो सीन आहे, बंद भांड्यात पाणी आणायचं, तिथे एका मुलीच्या भांड्यात पाणी येतंच, पण पाण्यात एक केस असतो. स्टुडिओतले लोक कौतुकाने टाळ्या वाजवतायत. केसाचं काय करायचं ते कोणाला कळत नाही, प्रोग्राम पुढे जातो. पोटात खड्डा पडणं म्हणतो ते हे.

शेवट परत तोच रोग, भूत कॅमेऱ्यासमोर येतं आणि कॉम्प्युटरवर केलेलं दिसतं, 2005 च्या मानाने पण कच्चं आहे. पण त्याच्या अगदी पाठोपाठची जी घरातली टेप आहे ती बघून मी दिवा लावून झोपलो, लपवण्यात अर्थ नाही. आणि पूर्ण दोन तास लक्ष देऊन बघावा लागतो, नावं विसरलात तर गेलात, त्यामुळे जेवता जेवता बघायचा पिक्चर नाही हा. बरीच वर्षं जपानबाहेर तो धड मिळतच नव्हता, 2020 मध्ये शडर या हॉररवाल्या स्ट्रीमिंग साइटवर आला तेव्हा कुठे लोकांना नीट प्रिंट आणि नीट सबटायटल मिळाली. जागानरेईच्या नशिबात तेव्हा ते नव्हतं, त्याला फॅन लोकांनी केलेल्या सबटायटलवर भागवावं लागलं.

कोणी विचारलं कुठून सुरू करू, तर मी नोरोई आधी नाही सांगणार. आधी नोरोई नो व्हिडिओचा एखादा सुरुवातीचा भाग, म्हणजे डोळ्याला कोपरे बघायची सवय लागते. मग जागानरेई. मग नोरोई, रविवारी दुपारी चालू करा, रात्री नको. हेडफोन लावा, कारण नोरोईत आवाजातच अर्धी भानगड आहे. आणि कोणाबरोबर तरी बघत असाल तर त्याला आधीच सांगू नका की "मागे बघ", जागानरेईच्या वेळी मी एका मित्राला सांगितलं आणि त्याची सगळी मजा गेली, बिचारा पन्नास मिनिटं नुसती भिंत बघत बसला.

मी स्वतः दुसऱ्या वेळी तेच केलं म्हणा. आयडॉल समोर काय गातेय, काय बोलतेय, कशाकडे लक्ष नाही, नुसते कोपरे, दारं, काचा. एका ठिकाणी थांबवून नाक स्क्रीनला लावून बघितलं, बाई आहे की टांगलेला कोट आहे. कोटच असावा.